टेकडीची मागची बाजू

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही तीनदा पाहिलं.
तिसऱ्या वेळी छपरावर जी निळी ताडपत्री पडली
ती अकरा महिने तिथेच फडफडली,
आणि विमा कंपनीचं पत्र आलं दोन ओळींचं.
त्यात 'खेद' हा शब्द एकदाच.
अल्सीदने ते फ्रीजवर चिकटवलं.
फ्रीज त्याआधीच वाहून गेलेल्यांत जमा,
दार तेवढं उरलं होतं, अंगणात आडवं.

लुईझियानाबाहेर.
त्या रात्री एवढंच ठरलं.
बाहेर म्हणजे एकोणपन्नास राज्यं.

मुलीने तक्ता करून पाठवला:
कर, दवाखाने, चोऱ्यामाऱ्या, घरांचे भाव, शाळा.
शाळा कशाला गं? मी विचारलं,
तू एक्केचाळीस वर्षांची, तुझा बाप एकाहत्तरचा.
रकाना होता म्हणून भरला, म्हणाली.
माझा रकाना एकच:
समुद्रसपाटीपासून किती फूट.

अर्कान्सामध्ये एक गाव आवडलं होतं,
बेकरी, बाकं, बाकांवर भांडणारे म्हातारे.
पण पुलाच्या खांबावर कुणीतरी
रंगाने पाण्याची रेघ ओढून ठेवलेली,
शेजारी साल.
अल्सीदने गाडीचा वेग कमी केला नाही.

डुलुथला पोचलो तेव्हा एप्रिल होता
आणि एप्रिलला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.
गटारांवर बर्फ, रस्ते असे चढे
की अल्सीदने हँडब्रेक ओढला,
उतरला,
परत येऊन पुन्हा ओढला.

एजंट बाईचं नाव मारीट.
प्रत्येक घरात बूट काढून शिरायची,
मोज्यांवर छोटे कोल्हे.
तिने आम्हाला पार्क पॉइंटला नेलं,
वाळूची एक जीभ, दोन्ही अंगांना पाणी.
मग लेकसाइडला, जिथे प्रत्येक खिडकीत तेच:
तळं म्हणायचं नुसतं, पलीकडचा काठ नाही.
"लोक याचेच जास्त मोजतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, बाई,
पाणी न दिसणारं घर दाखव.

तिने वहीतून मान वर केली.
"मग किंमत उतरेल हं," म्हणाली हळूच,
वाईट बातमी द्यावी तशी.

टेकडीच्या मागे गेलो.
माझी बहीण व्हर्ना म्हणते, वस्ती बघायची
तर संध्याकाळी पाचला रस्त्यात उभं राहावं,
कोण बाहेर येतं ते मोजावं.
आमच्या हूमाला पाचला अख्खी गल्ली ओसरीवर.
इथे गॅरेजची दारं उघडली,
एकेक गाडी गिळून मिटली.
मोजले: शून्य.
मग एक.
माकेला नावाचा म्हातारा, हातात पहार,
स्वतःच्या दारातला बर्फ फोडून झाल्यावर
या रिकाम्या घरापुढचाही फोडत बसलेला.
पाऊण तास बघून शेवटी बोलला:
"तळघर कोरडं आहे."

तळघर.
आमच्याकडे दोन फूट खणलं की पाणी लागतं.
मेलेल्यांनाही आम्ही खाली नेत नाही,
विटांच्या खोल्यांत, जमिनीवरच निजवतो,
तरी एका वादळात अल्सीदची मावशी
तीन मैल फिरून आली.

तेरा पायऱ्या उतरले.
चुन्याचा वास, कुणाच्या तरी रिकाम्या बरण्या.
भिंतीला हात लावला. जमिनीला लावला.
मग तो हात नाकाशी नेला.
अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
मी जमिनीखाली उभी होते, जिवंत,
आणि वर ते दोघे नळांबद्दल बोलत होते.

सही केली.

नोव्हेंबरात समोरच्या बर्चची पानं झडली
आणि न्हाणीघराच्या खिडकीतून,
दोन छपरांच्या मधे, टेकडीच्या खाचेत
तळं दिसलं.
करंगळीएवढं. करडं.
मी अल्सीदला बोलले नाही.

त्या खिडकीशी आरसा नाही.
तरी हल्ली तो दाढी तिथेच उभा राहून करतो.