अनामिका

तार्तूच्या तळघरात
विर्वेनं बावन्न वर्षांपूर्वी चितारलेला हात
तावेत आज पडद्यावर फिरवतो आहे.
बरणीतला तोच हात, अर्धा सोललेला,
स्कॅननं चारशे चकत्या करून पुन्हा जोडलेला.
तिच्या शाईच्या रेघा त्यावर चढवल्या
तर शीर शिरेवर बसते, कंडरा कंडरेवर.
"केसभरही चूक नाही."

फक्त अनामिकेच्या मुळाशी एक खाच.
कागदावर नाही.

"दिसली होती," विर्वे चष्मा पुसते.
"सर म्हणाले, अंगठीचा वळ म्हणजे शरीर नव्हे,
खोडून टाक."

कर्सर 'गुळगुळीत करा'पाशी थबकलेला.
बाहेर एमायोगी काठाकाठानं गोठते आहे.

ती पेन्सिलीला टोक काढते,
स्वतःच्या बोटातली अंगठी
जरा वर सरकवते
आणि खालचं
नीट बघून घेते.