सांधे

फैजपुरात, सातपुड्याकडं तोंड करून घर.
फाटकापासून पोर्चपर्यंत बावीस फूट कोबा,
मीच उभं राहून घोटून घेतलेला,
बँकेच्या फंडातून.
उतार कुणाकडं, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

अकरा वर्षं माझ्या दारातलं पाणी
फेगडेंच्या उंबऱ्याशी जाऊन थांबायचं.
अकरा वर्षं फेगडे कुंपणाशी येऊन थांबायचे,
लेंगा पोटरीपर्यंत वर, हातात खराटा :
"बाई, तुमचं पानी आलं."
जशी माझी म्हैस सुटून त्यांच्या केळीत शिरली.

यंदा चैत्रात कोबा फोडला.
यावलचा रमजान तडवी, त्याचा भाचा, एक ब्रेकर.
खाली काळी माती,
भेगेत पंजा जाईल इतकी भेगाळलेली.
दीड फूट खणलं.
मुठीएवढी खडी, मग बोराएवढी, मग ज्वारीएवढी कच.
वर ब्लॉक. सांध्यांत पुन्हा कचच.
मी म्हटलं, आणि सिमेंट?
"बुजवाचंच व्हतं तं फोडलं कायले?
काळी माती सावकाश पेते, बाई.
तवरोक पानी खडीत बसून राहीन."

पोळ्याच्या आदल्या रात्री पत्र्यावर ढोल वाजले.
बॅटरी घेऊन पोर्चमध्ये उभी राहिले.
पाणी आलं,
कॅश काउंटरसमोर थबकावं तसं थबकलं,
मग एकेक करून आत गेलं.
टोकन नाही, धक्काबुक्की नाही.
तेहेतीस वर्षांत अशी रांग पाहिली नव्हती.

सकाळी फेगडे कुंपणाशी.
लेंगा वर. खराटा.
मागं उंबरा कोरडा ठक्क.
तोंड उघडलं, मिटलं.
मलाही सुचेना.
आमचं दुसरं बोलणं असं कधी झालंच नव्हतं,
मालूताई गेल्या तेव्हा बसायला गेले होते,
तेवढं सोडलं तर.

मग फाटक वाजलं.
माझ्याच नळाखाली माझीच बादली धरून
त्यांनी ब्लॉकांवर ओतली.
"कुठी गेलं?"
"खाली."
"माह्या बोरमधी उतरीन का?"
"काय माहीत."
दुसरी ओतली. तिसरी.
वाकून कान लावला.
चौथीला मी म्हटलं, पुरे, चहा टाकते.

बाहेर आले तर फेगडे
सांध्यांतल्या निंबोळ्या, पानं, गाळ झाडत होते.
"हे सांभाळा बरं. बुजलं का संपलं."
आणि जुन्या सवयीनं
सगळा कचरा लोटत होते
माझ्याच पायरीकडं.