मुका मार

आमच्या अभ्यासात तिचा नंबर सदतीस.
नाव लिहायचं नसतं, तरी मला माहीत आहे:
त्रिवेणी बावणे, एकोणीस, राहणार नंदनवन,
कबड्डीत चढाई तिची डावीकडून.
पकडीत उलटली, डोकं आधी टेकलं मातीला.
रक्त नाही, टेंगूळ नाही,
मेडिकलच्या स्कॅनवर सगळं जागच्या जागी.
फक्त ट्यूबलाइट सोसत नव्हती
आणि बोलता बोलता ती थांबायची,
जिन्याची शेवटची पायरी चुकल्यासारखी.

आई म्हणाली, "पोरीले मिरगी नाही ना जी,
मंग मिरगीची गोळी काहून?
उद्या सोयरीक आली तं काय सांगू?"
मी संमतिपत्र पुन्हा वाचलं.
गोळी फिटचीच, खरं आहे;
हादरलेला मेंदू तिने निवतो का,
एवढंच बघायचंय.
आणि बाई, अर्ध्या डब्यांत औषध नाही,
नुसती पांढरी भुकटी.
कोणत्या अर्ध्या, ते डॉक्टरांना माहीत नाही, मलाही नाही.
ती बराच वेळ बघत राहिली.
"तुमालेच माहीत नाही?"
मग सही केली. पूर्ण नाव, सावकाश, शिरोरेघेसकट.

दर भेटीला मी पाच शब्द वाचायचे:
हत्ती, सुई, चाफा, परात, पूल.
दहा मिनिटांनी विचारायचे.
पहिल्या दिवशी दोन.
सातव्या दिवशी तीन, आणि एक भलताच: चूल.
तिसाव्या दिवशी मे, कूलर कोरडा,
चार. परात येईना.
बोटाने हवेत गोल काढत बसली;
मला मान हलवायचीही मुभा नव्हती.

नव्वदाव्या दिवशी एकटीच आली, सायकलवर,
गुडघ्याला मैदानाची माती.
पाचही म्हणाली, तेही उलटे.
"आता तुमी सांगा."
एकशेबारा जणांना वाचून दाखवलेली यादी,
हत्ती, सुई, चाफा, पूल...
ती हसली,
आणि माझ्यासमोर बोटाने गोल काढला.

निकाल मागच्या आठवड्यात लागला:
दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नाही.
संध्याकाळी तिच्या आईचा फोन,
"गोळी लागू पडली बाप्पा. कोणती होती?"
सदतीसचं पाकीट टेबलावर, फोडलेलं.
मी विचारलं, "त्रिवेणी कुठंय?"
"गेली ना जी खेळाले.
बोलावू?"
नको म्हटलं.