खुंटी क्रमांक सत्तेचाळीस

मिलवॉकीत जानेवारीत सरोवरावरून येणारा वारा
कुणाची पदवी विचारत नाही.
सगळे सारखेच कुडकुडत येतात माझ्या खिडकीशी,
कोट उतरवतात, मी पितळी बिल्ला देते.
एकोणीस वर्षं झाली.
काही जण लाजही खुंटीला टांगून जातात आत,
तिचा वेगळा बिल्ला मी देत नाही.

आज एमबीएवाल्यांची संध्याकाळ.
मोठ्या दालनात कंपन्यांची माणसं, चीजचे चौकोनी तुकडे,
आणि छातीवर चिकटवलेली नावं,
जी एका कोपऱ्यातून सुटायला लागतात
साधारण पावणेसातला.

त्याच्याही आधी एक पोरगा परत बाहेर आला.
एमेट हॉल्वरसन.
खांद्यात सैल सूट, बहुधा मोठ्या भावाचा.
म्हणाला, जरा आत येऊ का, कोटांमध्ये?
आणि लोकरीच्या त्या मुक्या रांगेपुढे उभा राहून
तीस सेकंदांत स्वतःला सांगू लागला:
पुरवठा साखळी, नेतृत्व, मूल्यवर्धन, मनापासूनची आवड.
एका ओव्हरकोटाकडे बघून हसलासुद्धा.
कोट काही बोलला नाही.
त्याचा मालक तरी आत कुठे बोलत होता!

मी विचारलं, तू मुळात करतोस काय?
रसीनला बापाचं टायरचं दुकान आहे, म्हणाला.
बाराव्या वर्षापासून वही माझ्याकडे.
गाडी दारात वळली की आवाजावरून सांगायचो
कुठला टायर किती दिवसांचा सोबती आहे.
मग हे का नाही सांगत त्यांना?
कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.
तिथे सगळे सिंगापूर, लंडन बोलतात, म्हणाला.

मी काही करिअर केंद्रातली बाई नाही.
पण कोट कळतात मला.
कोण बिल्ला हरवतं आणि माझ्यावर ओरडतं,
कोण आधी बाहीत हात घालतं
आणि मग बघतं, की बाही धरायला माणूस आहे.
म्हटलं, सत्तेचाळीस नंबर बघ.
करडा. दुसरं बटण लोंबतंय.
त्या प्रिचर्डबाईंकडे जा.
कंपनीनं त्यांना काढलं त्या डिसेंबरात
त्या या स्टुलावर बसून होत्या, पार्टी संपेपर्यंत.
रडल्या वगैरे नाहीत.
हरवलेल्या हातमोज्यांच्या पेटीत
जोड्या जुळवत बसल्या.
तीन जुळल्या.
आता त्या दुसऱ्यांना नोकऱ्या देतात,
पण आल्या की अजून पेटीत डोकावतात.

तो गेला. काय बोलला, मला माहीत नाही.
आतून एकदा कुणीतरी मोठ्यानं हसलं;
त्याच होत्या का, सांगता येणार नाही,
आठनंतर तिथलं निम्मं हसू उसनं असतं.

साडेनऊला परतला.
हातात पत्त्यांसारखी धरलेली अकरा कार्डं.
हुकूम कुठला, ते त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे.
मी विचारलं नाही.
कोट चढवला, दारापर्यंत गेला, पुन्हा वळला,
आणि स्वतःचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.
लोक दोन डॉलर ठेवतात, कधी पाच.
कार्ड कुणी ठेवलं नव्हतं.
“काही लागलं तर,” म्हणाला,
आणि लगेच ओशाळला,
कारण नोकरी अजून त्यालाच लागायची होती.

मार्च आलाय. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलाय.
कार्ड पेटीत आहे,
एकेकट्या राहिलेल्या हातमोज्यांच्या वर.
प्रिचर्डबाई परत आल्या नाहीत,
त्यामुळे पुढचं काही कळलेलं नाही.
फोन करावा इतकं मला काही लागलेलंही नाही.

गाडीचे पुढचे दोन टायर मात्र
अगदीच गुळगुळीत झालेत.