आधी कंदील

हरिपूरला आमची दोन पेवं होती, भाड्याची.
बाबा तोंडावरची माती उकरायचे, फरशी सरकवायचे
आणि मग काहीच करायचे नाहीत.
बिडी नाही, बोलणं नाही.
पेवाला श्वास सोडू दे, एवढंच.
मग दोरीला कंदील. हात हात दोरी खाली.
मी काठावर पालथी पडून बघायची
हळदीच्या अंधारात ज्योत टिकते का.
टिकली तर हमाल उतरायचे.
विझली तर अडत्या वरून कितीही ओरडू दे.

दर सोमवारी मिरजेच्या लॅबमध्ये मी हात पुढे करते.
मुजावरभाऊ दंडाला रबर बांधतात.
"घशात खवखव हाय का? ताप? कणकण?"
नाही म्हटलं की मगच सुई.
बाटलीवर नाव: त्रिशला मगदूम, वय एक्केचाळीस.
दुपारी फोन. पांढऱ्या पेशींचा आकडा.
आकडा पुरेसा असला
तर पुढच्या सात दिवसांच्या गोळ्या.

गोळीच्या आधी माझा सौदा चालायचा.
यार्डात नाही, माजघराच्या भिंतीत.
रुमालाखाली बोटं धरून कुणीतरी भाव ठरवायचं माझा,
रात्रभर, उतरता.
आता नदीपलीकडून कधीतरी एखादा पुकारा येतो.
मी भाकरी उलटते.

फुकट काहीच नाही.
पहाटे उशी लाळेनं ओली, म्हणून वर टॉवेल.
ब्लाऊजच्या शिवणी दोनदा उसवल्या.
उठायचं तर खाटेच्या कडेला बसून वीस मोजायचे,
नाहीतर जमीन वर येते.
आणि चार दिवस पोट साफ झालं नाही
तर लाजायचं नाही, सांगायचं –
हे आरवाडेबाईंनी मला एकदा सांगितलं
आणि भरतला तीनदा,
कारण तो ऐकताना मोबाईल बघत होता.

पुराच्या वर्षी
डबी फळीवर राहिली आणि आम्ही रबरी बोटीत.
विश्रामबागच्या शाळेत, पाचवी ब.
पहिली रात्र गेली. दुसरी जागून गेली.
तिसऱ्या रात्री फळ्यामागून बोली सुरू झाली.
सकाळी भरत कुठून कुठून गोळ्या घेऊन आला,
गुडघाभर चिखलात, पाकीट दातात धरून.
"घे आक्का. दोन घे, राहिलेलं भरून निघंल."

मला हवीच होती. दोन काय, मूठभर.
फळ्यामागे कुणीतरी म्हणालं, आठ आणे.
मी पाकीट पदरात बांधलं
आणि शिपाईमामांचा फोन मागितला.

"किती रात्री चुकल्या?"
"तीन."
"मग शंभराची अजिबात नको, त्रिशला.
पहिल्या दिवसासारखी सुरुवात. पंचवीसची, तीही अर्धी.
आणि ती इथे येऊन, माझ्यासमोर. आधी बीपी बघू."

भरत चिडला. एवढा चिखल तुडवला तो अर्ध्या गोळीसाठी?
मी त्याला पेवाचं सांगितलं नाही.
तो लहान होता तेव्हा, त्याला काठावर येऊ देत नसत.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो,
पुकारणारेही सोबत आले, दवाखान्यापर्यंत.
जुन्या पायरीवर पोचायला मला तीन आठवडे लागले.
तेवढ्यात हरिपूरहून निरोप आला,
पेवांत पाणी शिरून दोन्ही ढासळली.
बाबा असते तर काय म्हणाले असते माहीत नाही.
बहुधा काही नाही. बसून राहिले असते.

काल मुजावरभाऊ रजेवर.
नवी पोरगी, हातमोजे सैल,
शीर सापडेना, कपाळावर घाम.
"सॉरी काकू, दोनदा टोचलं."
सावकाश, म्हटलं. मला घाई नाही.
आणि तू एक विचारायचं विसरलीस.
तिनं वर बघितलं.
घशात खवखव आहे का ते.
"आहे का?"
नाही, म्हटलं. आता टोच.