तंतुकणिका

शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं:
तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर.
दोन मार्क. आकृती काढली तर तीन.
मी काढली होती, आतल्या घड्यांसकट.
आमच्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसायच्या,
म्हणून मला वाटायचं, आत धूर असणार.

आता मेडिकलचा दुसरा मजला.
मे महिना, सेहेचाळीस अंश,
कूलरच्या गवताला कुबट वास,
आणि भिंतीपलीकडे उणे ऐंशीचा फ्रीझर गुरगुरतो.
मधे नऊ इंच वीट आणि एकशे सव्वीस अंश.

हर्षल हेडाऊ, वय अकरा.
पापण्या अर्ध्यावर, जणू कायमची दुपार.
मधल्या सुट्टीत वर्गातच बसतो.
पीटीचे सर म्हणतात, नाटक्या आहे.
मांडीतून तुकडा घेतला, तांदळाच्या दाण्याएवढा.
बाप कळमन्यात मापारी.
म्हणाला, आम्ही पोत्यात परखी घालतो, तसंच ना?
हो, मी म्हटलं, चिमूटभरावरून अख्खं पोतं.
पोत्याला दुखत नाही, हे तो बोलला नाही.
खिडकीकडे बघत राहिला.

रात्री काच रंगवली.
निरोगी तंतू हिरवट-निळे, एकमेकांना टेकून, मुकाट.
मधेच हे काही, कडेला लाल साचलेले.
फाटके लाल तंतू, हेच त्यांचं नाव,
कोणी गोड करायला गेलं नाही.
ऊर्जा पुरत नाही म्हणून पेशी आणखी कणिका घडवते,
त्याही तशाच निघतात,
मग आणखी.
हात वाढतात, ताट तेवढंच.

दुसऱ्या दिवशी प्रणिताबाईंनी विचारलं, मी पाहू का?
चपला दाराबाहेर काढून आल्या होत्या.
एक डोळा लावला. बराच वेळ.
‘‘मॅडम, हा तं काठ हाये.
हिरवं अंग, लाल काठ, अन् मधातच तुटला.
माह्या मायनं असं लुगडं इनलं असतं
तं मालकानं तोंडावर फेकलं असतं.’’

माय म्हणजे तुळसा पराते.
गोळीबार चौकामागे कांड्या भरायची,
चरख्यावरच डोळा लागायचा.
नळावरून अर्धीच बादली आणायची
आणि उंबऱ्यावर टेकायची.
नवरा, सासू, दीर, भिंतीपलीकडची शेजारीण,
एरवी कशावर पटायचं नाही त्यांचं,
यावर मात्र एकमत: बाई आळशी.
एकोणचाळिसाव्या वर्षी एकदा टेकली ती टेकलीच.

मी सांगितलं. सांगावंच लागतं.
की या कणिका फक्त आईकडून येतात,
बापाच्या वाटेतच विरतात.
की तुमच्यात काही धड, काही बिघडलेल्या,
आणि लेकराच्या वाट्याला कोणती मूठ आली
हे मूठ भरणारीलाही कळत नाही.
‘‘म्हंजे माह्यापासून.’’
हो.
‘‘अन् माह्यात मायपासून.’’
हो.
आता रडतील, म्हणून मी स्टूल पुढे ओढलं.
त्या बसल्या नाहीत.
‘‘म्हंजे थे आळशी नव्हती.’’

तेवढ्यात लाइट गेली.
सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला खिडकी नाही.
जनरेटर पकडायला अकरा सेकंद लागतात,
फ्रीझरच्या काळजीनं मी ते नेहमी मोजते.
त्या दिवशी मोजायचं राहिलं.

औषध? एक कॅप्सूल आहे, कुणाला थोडं बळ देते,
कुणाला फक्त बिल.
संशोधन सुरू आहे, हे म्हणताना
माझा आवाज आपोआप सरकारी होतो.
कुटुंबातील पूर्वइतिहास, या रकान्यात मी लिहिलं:
आजी (आईची आई), लक्षणे होती, निदान झाले नाही.
‘‘येवढंच?’’
रकाना दीड इंचाचा.
शेजारी समासात, पेन्सिलनं, मी एक वाक्य जास्तीचं लिहिलं.
सर खोडतील तर खोडोत.

नंतर जिन्यात दिसले दोघं.
हर्षल मधल्या पायरीवर थांबला
तशा त्याही शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.
मागून स्ट्रेचरवाला ओरडला, चला, रस्ता सोडा!
‘‘पलीकडून जाय ना बापा,’’ त्या म्हणाल्या,
‘‘आमी बसून राह्यलो.’’