चौथा माग

विट्याहून मिरजेला येताना
मांडीवर लॅपटॉप, त्यात चार माग.
कंडक्टर म्हणाला, बॅग वर ठेवा.
म्हटलं, आत कारखाना आहे.
मग त्याचं हाफ तिकीट घ्या, म्हणाला
आणि पुढच्या सीटकडे वळला.

पहिला माग मिनिटाला एकशेबारा ठोके,
दुसरा एकशेनऊ.
दर वीस सेकंदांनी दोघं एका ठोक्यावर भेटतात
आणि भाऊबंदांसारखे लगेच आपापल्या वाटेला लागतात.
तिसरा कापून मी साडेतेरा मात्रांत बसवलाय.
चौथ्याला हात लावला नाही.
तो कशातच बसेना,
आणि काढून टाकला की बाकीचे तिघे
पत्र्यासारखे वाजायचे.

दस्तगीरचाचांच्या दुकानात भोपळे आढ्याला टांगलेले.
एकावर पेन्सिलीनं लिहिलंय: धारवाड, ॲडव्हान्स मिळाला.
चाचा घोडीवर कानस फिरवतात,
फुंकर मारतात, तार छेडतात, मान हलवतात,
पुन्हा कानस.
मी विचारलं, किती मायक्रॉन घासता?
आधी तू गप्प बस, म्हणाले, मग कळेल.
जवारीला दोरा तुमच्या गावचा चालतो,
फक्त खळ धुऊन काढलेला पाहिजे.

पाचला किणीकरबाई येतात, भाच्याच्या स्कूटरवरून,
पर्समध्ये लवंग आणि बीपीची गोळी.
मारवा गातात.
षड्ज कुठे आहे ते दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक,
चहावाल्या पोरालाही.
बाई तिथे जात नाहीत.
दारापर्यंत जातात,
कडी वाजवल्यासारखं करतात,
परततात.

पहिल्याच दिवशी विचारलं,
तुझं मशीन कुणासाठी थांबतं का रे?
नाही.
मग शिकव त्याला.

तीन आठवडे शिकवलं.
समेआधी बाई श्वास घेतात, तेवढं त्यानं ऐकावं
आणि पाऊल मागे घ्यावं.
शिकलं, पण जरा जास्तच.
बाई त्याच्यासाठी थांबल्या, ते बाईंसाठी,
अकरा सेकंद नुसती चाचांची कानस चालली,
खर्र, खर्र.
बाई म्हणाल्या, हे ठेव.
ठेवलं.

शनिवारी वडिलांना मिशन हॉस्पिटलात आणलं होतं.
चाळीस वर्षं मागावर, कान केव्हाच गेलेले.
नवं कानाचं मशीन खिशात, रुमालात गुंडाळून.
त्यात सगळं जग पत्र्याच्या डब्यात बोलतं, म्हणतात.
दुकानात टेकायला जागा नव्हती,
म्हणून मोठ्या स्पीकरला पाठ लावून बसले.

मी चालू केलं.
बाईंनी डोळे मिटले.
पहिला, दुसरा, तिसरा,
वडील बाहेर रिक्षा बघत बसलेले.
मग एकदम मागे हात नेऊन
त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

चवथ्याचा पट्टा ढिला हाय, म्हणाले.

दुकान थांबलं. चाचांची कानससुद्धा.
तो माग दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला,
बत्तीस रुपये किलोनं.
टेम्पोत चढवताना वडील घरात होते,
पंचांग चाळत.

बाईंना वाटलं, ते दाद देतायत.
हसून म्हणाल्या, तो ढिला आहे ना,
म्हणून तर मला तिथून आत शिरता येतं.
वडिलांना ऐकू आलं नाही.
मी ओठांवर वाचता येईल असं सांगितलं,
अर्धंमुर्धं.
ते बाईंकडे बघून मालकाला करतात तसा नमस्कार करून मोकळे झाले.

पुन्हा पहिल्यापासून लावलं.
या वेळी बाई षड्जावर गेल्या.
कधी गेल्या ते मला स्क्रीनवर शोधावं लागलं:
चौथा ठोका चुकवतो ती फट,
तिथे.
साडेतेरा मात्रांचं माझं गणित
त्यांनी ओलांडलं, उंबरा ओलांडावा तसं,
साडी किंचित उचलून.

तंबोरा खाली ठेवला तेव्हा अठ्ठावीस मिनिटं झाली होती.
चहा निवलेला. धारवाडचा भोपळा हलत होता, की मलाच तसं वाटलं.
वडिलांनी स्पीकरवरचा हात काढला,
धोतराला पुसला,
आणि मला विचारलं,
किती मीटर निघालं?